गुंठ्याला पंच्याऐंशी रुपये

काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात बुडाले, शेंगांना झाडावरच कोंब फुटले, तर केंद्र सरकारच्या २०२५-२६ पर्यंतच्या निकषांनुसार जिरायती शेतकऱ्याला हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात. हेक्टरचे शंभर आर होतात आणि आर म्हणजे ढोबळमानाने गुंठाच. म्हणजे गुंठ्याला पंच्याऐंशी रुपये. नांगरट, कुळवाच्या पाळ्या, बियाण्याची बॅग, खताचे पोते, तणनाशक, दोन-तीन फवारण्या, कोळपणी आणि चार महिन्यांची राखण, या साऱ्याच्या बदल्यात एका गुंठ्यामागे पंच्याऐंशी रुपये.

हा दर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा आहे आणि तो २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरला. त्याआधी २०१५ च्या निकषांत तो ६,८०० रुपये होता. सात वर्षांत त्यात पंचवीस टक्क्यांची वाढ झाली. बागायती पिकासाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकासाठी २२,५०० रुपये, तेही शेतकऱ्यामागे दोन हेक्टरपर्यंतच. पीक किमान ३३ टक्के गेलेले असावे, ही अट वेगळी.

सरकारी भाषेत ही नुकसानभरपाई नसून निविष्ठा अनुदान आहे. पुढच्या पेरणीसाठी हातभार, एवढाच तिचा हेतू. तो हेतू जसाच्या तसा मान्य केला तरी हिशेब जुळत नाही. केंद्राने २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला, तेव्हा उत्पादन खर्च क्विंटलला ३,५५२ रुपये धरला होता. हा आकडा कुठल्या शेतकरी संघटनेचा नाही, सरकारचाच आहे. हेक्टरी दहा क्विंटल, म्हणजे एकरी चार क्विंटल इतका माफक उतारा धरला, तरी सरकारच्याच हिशेबाने हेक्टरचा खर्च ३५,५२० रुपये होतो. त्यावर मदत ८,५००. खर्चाचा चौथा हिस्साही भरून निघत नाही. एकीकडे सरकार खर्च मोजते, दुसरीकडे मदत ठरवते आणि या दोन आकड्यांची कधी गाठ पडत नाही. खरे दुखणे इथे आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये हे दुखणे उघड्यावर आले ते धाराशिव जिल्ह्यात. पाण्याच्या टँकरसाठी आणि दुष्काळी पाहणी दौऱ्यांसाठी ओळखला जाणारा हा जिल्हा. देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे जे चार जिल्हे आहेत, त्यांतला हा एक. २२ सप्टेंबरच्या सुमारास भूम आणि परंडा तालुक्यांत पाणी असे चढले की लोकांना घरांच्या छतांवरून हेलिकॉप्टरने उचलावे लागले. सीना नदी अहिल्यानगरकडून येते. वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचे पाणी खाली परंडा, करमाळा, माढा, मोहोळपर्यंत शिवारे गिळत गेले. दावणीला बांधलेली जनावरे दावणीलाच गेली. भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे घरची दुभती म्हैस जाते तेव्हा रोजच्या पैशाचा झराच आटतो, आणि त्याची भरपाई कोणताही खरीप करत नाही.

राज्यभरात २९ जिल्हे आणि २५३ तालुके बाधित झाले. सुमारे १ कोटी ४३ लाख हेक्टरवर पेरणी झाली होती. त्यातल्या ६८ लाख हेक्टरहून अधिक क्षेत्रावरील पिकांचे नुकसान झाल्याचे सरकारने सांगितले. ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन्ही उपमुख्यमंत्र्यांसह ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. जिरायतीला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,००० आणि बागायतीला ३२,५०० रुपये, मर्यादा तीन हेक्टर. यात केंद्राच्या निकषांपुढे जाऊन बियाणे आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी दहा हजार रुपये राज्याने घातले होते. दुभत्या जनावरामागे ३७,५०० रुपये, गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,००० रुपये असे दर ठरले आणि जनावरांच्या संख्येची मर्यादा काढली गेली.

ही रक्कम लहान नाही आणि तिचे मोल नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र मोठा आकडा उलगडून पाहणे हे वाचकाचे काम आहे. ३१,६२८ कोटींतले दहा हजार कोटी रस्ते, वीज आणि इतर पायाभूत सुविधांसाठी. विम्याचे सुमारे पाच हजार कोटी, जे विमा कंपन्यांनी द्यायचे आणि पीक कापणी प्रयोगांच्या निकालावर अवलंबून असलेले. पिकाच्या नुकसानीपोटी आणि रब्बीसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात जायची रक्कम सुमारे साडेबारा हजार कोटींच्या घरात, म्हणजे एकूण आकड्याच्या चाळीस टक्के. ज्याचे तीन हेक्टर जिरायती सोयाबीन पूर्ण गेले, त्याला यातून जास्तीत जास्त ५५,५०० रुपये मिळू शकतात. वर मांडलेल्या हिशेबाने त्याचा खर्च एक लाखाच्या पुढे गेलेला असतो.

पॅकेजच्या रकमेवर टीका होते, पाठराखणही होते आणि विरोधी पक्ष हेक्टरी पन्नास हजारांची मागणी करतात. या वादात एक अधिक मूलभूत गोष्ट मागे पडते. गेल्या सहा-सात वर्षांत जिरायती हेक्टरचा दर कसकसा बदलला, ते ओळीने पाहावे. ऑक्टोबर २०१९ च्या अवकाळीनंतर राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी खरीप पिकांना हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले. २०२० च्या अतिवृष्टीनंतर महाविकास आघाडी सरकारने १०,००० दिले. २०२१ मध्ये जिरायतीला पुन्हा १०,०००, बागायतीला १५,००० आणि बहुवार्षिकला २५,०००. ऑगस्ट २०२२ मध्ये शिंदे सरकारने जुन्या केंद्रीय दराची दुप्पट करून १३,६०० केले आणि मर्यादा तीन हेक्टरवर नेली. पुढच्या काळात हा दर एकदा खाली आला, पुन्हा वर गेला. मे २०२५ अखेरीस शासन निर्णयाने तो परत ८,५०० वर आणि मर्यादा दोन हेक्टरवर आणली. चार महिन्यांत पूर आला आणि ऑक्टोबरमध्ये तोच दर १८,५०० झाला.

शेत तेच, पीक तेच, बुडण्याची तऱ्हाही तीच. बदलले ते फक्त सरकार, निवडणुकीचे वेळापत्रक आणि त्या वर्षी बातम्यांत किती शिवारे दिसली हे. ज्याचे पीक पॅकेज न निघालेल्या आपत्तीत गेले त्याने ८,५०० घेऊन गप्प बसायचे आणि ज्याचे सप्टेंबरमध्ये गेले त्याला १८,५००, याला धोरण म्हणता येत नाही. संकट जितके मोठे आणि जितके दिसणारे, तितकी मदत मोठी, असा अलिखित नियम रूढ झाला आहे. एखाद्या महसूल मंडळात गारपीट होऊन दोनशे शेतकऱ्यांच्या द्राक्षबागा गेल्या, तर मंत्रिमंडळ बसत नाही आणि पॅकेजही निघत नाही. त्या दोनशे घरांचे नुकसान मात्र परंड्यातल्या घरांइतकेच असते.

शेजारीही हेच चित्र आहे. सप्टेंबर २०२५ च्या त्याच पावसाने कर्नाटकातील बिदर, कलबुर्गी भागांत पिके गेली. कर्नाटक सरकारने केंद्राच्या दरावर सरसकट हेक्टरी ८,५०० रुपये वाढवून जिरायतीला १७,००० केले. पंजाबने त्याच हंगामातल्या पुरानंतर पूर्ण नुकसान झालेल्या पिकाला एकरी २०,००० रुपये जाहीर केले, म्हणजे हेक्टरी जवळपास पन्नास हजार. एकाच देशातले, एकाच केंद्रीय निकषाखालचे तीन शेतकरी, आणि त्यांच्या मदतीत तिपटीचे अंतर.

पंजाबच्या निर्णयात लक्षात घेण्याजोगी आणखी एक बाब आहे. तिथे नुकसानीच्या प्रमाणानुसार दर वेगळे ठेवले होते. आपल्याकडे तसे होत नाही. नुकसान ३३ टक्के झाले की पूर्ण दर लागू आणि शंभर टक्के झाले तरी तोच दर. बत्तीस टक्के झाले तर काहीच नाही. या एका आकड्याच्या अलीकडे-पलीकडे पंचनामा करणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता येते, हे गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. नुकसानीच्या तीन पायऱ्या केल्या आणि प्रत्येकीला वेगळा दर दिला, तर ३३ या आकड्यासाठी होणारी ओढाताण बरीच कमी होईल आणि सर्वस्व गेलेल्याला जास्त देता येईल.

आता हा पैसा शेतकऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो ते पाहू. पाऊस पडतो. मंडळातल्या पर्जन्यमापकाने चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त नोंदवले तर ती अतिवृष्टी ठरते. यंत्र एका गावात आणि ढग फुटतो दुसऱ्या गावात, ही तक्रार दर हंगामाची. सलग पडणाऱ्या, पण ६५ चा टप्पा न गाठणाऱ्या पावसाने पिके पिवळी पडून जातात, हे ओळखून राज्याने २०२३ मध्ये सततच्या पावसालाही आपत्ती मानले. सलग पाच दिवस, रोज किमान दहा मिलिमीटर, असा त्याचा मुख्य निकष. हे पाऊल चांगले होते, त्याचे श्रेय द्यायला हवे.

मग पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून तो करायचा. या पदांची नावे अलीकडे बदलली, त्यांच्याकडची गावे कमी झाली नाहीत. एकेका तलाठ्याकडे दोन-तीन गावे आणि प्रत्येक गावात शेकडो गट. शेतात गुडघाभर चिखल, पाणंद रस्ता वाहून गेलेला. सप्टेंबरात मोबाइलवरचे छायाचित्रही ग्राह्य धरले जाईल असे सांगण्यात आले, ते योग्यच होते. त्यानंतर तहसीलला यादी जाते, संगणकावर चढते आणि प्रत्येक शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, ज्याला गावात व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात जायचे, अंगठा लावून केवायसी करायची आणि मग थांबायचे. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नाही, सर्व्हर बंद असतो, केंद्रापुढे दिवस जातो. ज्यांनी ॲग्रिस्टॅक या शेतकरी नोंदणी प्रणालीत नोंदणी करून शेतकरी ओळख क्रमांक घेतला आहे त्यांना या पॅकेजसाठी केवायसीतून सूट दिली गेली. पण ज्यांची नोंदणी राहिली ते बहुतेक म्हातारे, विधवा, बाहेरगावी ऊसतोडीला गेलेले, म्हणजे ज्यांना मदतीची निकड जास्त, तेच आहेत.

सामाईक खात्याचे काय होते तेही सांगायला हवे. वडिलांच्या नावावरची जमीन चार भावांत वाटून कसली जाते, सातबारा मात्र एकच. पैसे एकाच्या खात्यावर घ्यायचे तर बाकीच्यांची संमती लागते. एक भाऊ पुण्यात कंपनीत, एका बहिणीचे नाव हक्कसोडपत्राविना तसेच. मूळ खातेदार मयत असेल तर आधी वारस नोंद. २०२५ मध्ये महसूल विभागाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. अशा कंटाळवाण्या कामातूनच पुढच्या आपत्तीतली मदत वेळेवर पोहोचेल. पॅकेजच्या पत्रकार परिषदेपेक्षा या मोहिमेला जास्त माणसे आणि जास्त पैसा मिळाला पाहिजे.

आणि बटाईदार? मराठवाड्यात कितीतरी जमीन बटाईने किंवा खंडाने कसली जाते. बी-खताचा खर्च आणि घाम कसणाऱ्याचा, मदत मात्र सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याची. मालक समजूतदार असेल तर अर्धी वाटून देतो, नसेल तर बोलायची सोय नाही, कारण पुढच्या वर्षी जमीन त्याच्याकडूनच घ्यायची आहे. ई-पीक पाहणीत पीक कोणते ते नोंदवता येते, पण प्रत्यक्ष कसणारा कोण हे नोंदवून मदत त्याला देण्याची व्यवस्था राज्याने उभी केलेली नाही. आपल्या मदत व्यवस्थेतला हा सर्वांत मोठा अन्याय आहे आणि त्याबद्दल कुठलाच पक्ष तोंड उघडत नाही, कारण गावात मते फिरवणारा जमीन मालकच असतो.

पैसे शेवटी खात्यावर पडतात तेव्हाही धोका संपत नाही. पीक कर्ज थकलेले असेल तर बँक रक्कम रोखून धरते किंवा कर्जात वळती करते. मदतीच्या शासन निर्णयांत बँकांनी वसुली करू नये अशी सूचना असते, तरीही दर वर्षी तहसील कार्यालयात याच तक्रारी घेऊन लोक उभे असतात. सूचना न पाळणाऱ्या बँकेवर काय कारवाई होईल, हे त्या निर्णयात लिहिलेले नसते.

पिकापेक्षा मोठी जखम जमिनीची आहे. सप्टेंबरच्या पुरात राज्यात सुमारे ६० हजार हेक्टर जमीन खरडून गेली. वरची काळी माती गेली, खाली मुरूम आणि गोटे उरले. अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि तीन लाख रुपये रोजगार हमीच्या कामातून, अशी घोषणा झाली. याचाही हिशेब मांडून पाहावा. एका हेक्टरवर फक्त एक फूट मातीचा थर पुन्हा घालायचा तर साधारण १,०७६ ब्रास माती लागते. रोख आणि कामाचे मिळून ३ लाख ४७ हजार रुपये या मातीवर वाटले, तर ब्रासमागे सव्वातीनशे रुपयांहून कमी येतात. त्यात खोदाई, भराई, वाहतूक आणि पसरणी. तलावातला गाळ आणि मुरूम स्वामित्वधन न भरता उचलायला परवानगी मिळाली, त्याने थोडा भार हलका होतो. तरी हायवाचे भाडे आणि जेसीबीचे तास चुकत नाहीत. शिवाय रोजगार हमीचे तीन लाख खात्यावर पडत नाहीत. त्यासाठी अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, हजेरीपत्रक असे सारे काही लागते. नदीकाठच्या ज्या शेतकऱ्याची माती गेली त्याला एका हंगामाची मदत पुरत नाही. तीन-चार वर्षे त्या रानात धड पीक येणार नाही, हे धरून त्याच्यासाठी काही वर्षांचे वेगळे अनुदान ठेवायला हवे. २०२५-२६ पर्यंतच्या निकषांत अशी कल्पनाच नव्हती.

या टप्प्यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. सरकारने सारेच भरून द्यायचे तर पीक विमा कशासाठी? उत्तर विम्याच्या अवस्थेत आहे. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात विमा सुरू केला. बनावट अर्जांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२५ मध्ये ती योजना बंद करून शेतकऱ्याने खरिपात दोन टक्के हप्ता भरण्याची पद्धत परत आली. त्याचबरोबर भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर ठेवली गेली. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीपश्चात नुकसान यांसाठी मिळणारे संरक्षण वगळले. आधी शेतात पाणी साचले की बहात्तर तासांत कळवून दावा करता येत असे, तो मार्ग बंद झाला. नेमक्या त्याच वर्षी पूर आला. बोगस अर्ज रोखणे गरजेचे होते, पण त्यासाठी खऱ्या शेतकऱ्याचे छत्र काढून घेण्याचे कारण नव्हते. अर्ज तपासायचे सोडून संरक्षणच कापले गेले.

त्यावर ऑक्टोबर २०२५ अखेरीस अकोला जिल्ह्यातून बातमी आली. विम्यापोटी काही शेतकऱ्यांच्या खात्यात ३, ५, ८, २१ रुपये अशा रकमा जमा झाल्या. त्यांनी ते पैसे जिल्हाधिकाऱ्यांकडे परत केले. केंद्रीय कृषिमंत्र्यांनी चौकशीचे आदेश दिले. पुढे केंद्राने २०२६ च्या खरिपापासून भातशेतीत पाणी साचून होणारे नुकसान आणि वन्यप्राण्यांकडून होणारे नुकसान विम्यात घेण्याचे जाहीर केले. मराठवाड्यात पाणी साचते ते सोयाबीनमध्ये. विम्याचा पाया इतका डळमळीत असताना मदतीचा दर कमी ठेवून शेतकऱ्याला विम्याकडे वळवण्याची भाषा करणे चुकीचे आहे.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. पैसा कुठून आणायचा? आपत्ती निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने महाराष्ट्राला या निधीच्या दुसऱ्या हप्त्यापोटी १,५६६.४० कोटी रुपये मंजूर केले. केंद्राच्या दराच्या पुढे राज्य जे देते ते राज्याच्या खिशातून जाते. म्हणूनच दर निश्चित असणे राज्याच्याही हिताचे आहे. २०२० मध्ये दहा हजार कोटी, २०२१ मध्ये दहा हजार कोटी, २०२५ मध्ये एकतीस हजार कोटी, असे आकडे दर वेळी ऐनवेळी उभे करावे लागतात आणि मग ते पुरवणी मागण्यांतून, इतर योजनांना कात्री लावून येतात. अतिवृष्टी ही आता अपवादाची गोष्ट उरलेली नाही. तिच्यासाठी दर वर्षी अर्थसंकल्पात तरतूद करून ठेवणे हे काटकसरीचेच लक्षण आहे.

तिसरा प्रश्न गळतीचा, आणि तो सगळ्यांत बोचरा. जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ मधल्या अनुदानवाटपात सुमारे पंचवीस कोटी रुपयांचा अपहार झाल्याचे चौकशीत समोर आले. वीसहून जास्त महसूल कर्मचारी निलंबित झाले, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. केवायसी, आधार, थेट खात्यात पैसे अशी सारी व्यवस्था असतानाच हे घडले. कारण यंत्र फक्त एवढेच तपासते की खाते आणि आधार एकाच माणसाचे आहे. त्या माणसाचे खरेच शेत आहे का, त्यात खरेच पाणी शिरले होते का, हे संगणकाला कळत नाही. ते गावाला कळते. कुणाचे रान नदीकाठी आहे आणि कुणाचे माळावर, कोणी काय पेरले होते, हे गावात लहान पोरालाही ठाऊक असते.

म्हणून यादी गावासमोर वाचणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. २०१७ च्या कर्जमाफीत अर्जदारांच्या याद्यांचे चावडी वाचन झाले होते. धाराशिव-लातूरला तर याहून मोठा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली आणि इतर शेकडो गावांत घरांची दुरुस्ती झाली. त्या कामात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. कोणाला किती हप्ता मिळाला, सिमेंट कुठे अडले, कोणाचे नाव यादीतून गळले, हे त्या घरोघरी जाऊन पाहत आणि अधिकाऱ्यांपुढे मांडत. त्या पुनर्वसनातही उणिवा होत्या, पण मदत घेणाऱ्या माणसाला तिची माहिती देण्याची व्यवस्था तिथे जाणीवपूर्वक उभी केली होती. त्या वेळी लातूरचे जिल्हाधिकारी असलेले प्रवीण परदेशी यांच्याच अध्यक्षतेखाली २०२५ च्या अखेरीस शेतकरी कर्जमाफीसाठी समिती नेमली गेली. तीन दशकांपूर्वी याच मातीत जे जमले ते पंचनाम्याच्या यादीत जमत नाही, हे पटण्यासारखे नाही.

वेळेचाही मुद्दा आहे. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमधली मदत दिवाळीपूर्वी देण्याचे आश्वासन होते. काहींना ती मिळाली, अनेकांना दिवाळी उलटून गेल्यावर मिळाली. केंद्रीय पथक मराठवाड्यात पाहणीला आले ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तोवर बहुतेक रानांत खरिपाचे अवशेष मोडून रब्बीची तयारी सुरू झाली होती. हरभरा आणि ज्वारी पेरायची ती ऑक्टोबरमध्ये, आणि त्यासाठीचे दहा हजार हातात पडायचे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, तर मधल्या काळात बियाणे उधारीवर येते. त्या उधारीचे व्याज मदतीतूनच फिटते. उशीर झाला की रक्कम आपोआप घटते, आणि हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात लिहिले जात नाही.

मदतीच्या या केंद्रीय निकषांची मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची. सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा काळ १ एप्रिल २०२६ पासून धरलेला आहे. नव्या काळाचे निकष ठरवताना केंद्राने हेक्टरी दर हमीभावासाठी काढल्या जाणाऱ्या उत्पादन खर्चाशी जोडावा. पूर्ण नुकसान झाले तर त्या खर्चाच्या किमान निम्मी रक्कम मिळावी, आणि खर्च वाढेल तसा दर दर वर्षी आपोआप वाढावा. राज्याने स्वतःची भर किती घालायची हे एकदाच ठरवून कायदा करावा, म्हणजे मे महिन्यात कमी आणि ऑक्टोबरमध्ये जास्त असा चढउतार थांबेल. पंचनामा झाल्यापासून तीस दिवसांत पैसे खात्यावर पडले नाहीत तर व्याज द्यावे. कसणाऱ्याच्या नावाची नोंद ई-पीक पाहणीत घेऊन मदतीतला हिस्सा त्याच्या खात्यात जावा. मदत कर्जात वळती करणाऱ्या बँक शाखेवर दंडाची तरतूद शासन निर्णयातच लिहावी. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही.

सरकार हे करेपर्यंत गावाने एक काम स्वतः हाती घ्यावे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अनुदानाचे लाभार्थी आणि दिलेल्या रकमा कोणी न मागता जाहीर करणे प्रत्येक सरकारी कार्यालयावर बंधनकारक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरतात. येत्या ग्रामसभेत अतिवृष्टी अनुदानाची यादी नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि रकमेसह मोठ्याने वाचून दाखवण्याची मागणी प्रत्येक खातेदाराने करावी, ज्याला पैसे मिळाले त्यानेही आणि ज्याला मिळाले नाहीत त्यानेही.